रिकाम्या पेट्या आणि आमचे भाई

भाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते लोणखेड्याला आमच्या महाविद्यालयात, वन्यजीव सप्ताहाच्या समारोपाला. इंग्रजी विभागात रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन शहाद्यात आलेली मी जाहीर मराठी बोलताना तेव्हा अडखळत असे. पण आवाज बरा म्हणून सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. हातात दिलेल्या कागदावरून मी खणखणीत वाचलं, "आपल्या महाविद्यालयाच्या प्रयत्नांमुळे सातपुड्यातील वन्यजीवन पुन्हा बहरले आहे."

मागच्या रांगेतून आवाज आला, "कशावरून?"

हात वर केल्याशिवाय मध्येच बोलणं म्हणजे असभ्यपणा, हे आमच्या सिस्टर्सनी आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. मी कागदाकडे पाहिलं आणि ताठ मानेने म्हणाले, "इथे लिहिलंय."

"मग कागदावर बहरलंय असं म्हणा."

विद्यार्थ्यांचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. कार्यक्रम संपल्यावर आवाजाचे मालक चहाचे दोन कप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "बेन, राग तुमच्यावर नव्हता. हे वाक्य दर वर्षी ऐकतो. यंदा इतक्या शुद्ध उच्चारांत ऐकलं की राहवलंच नाही."

प्राणिशास्त्राचे प्रा. अंबालालभाई पाटील ते हेच. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. घरची केळी, घरचा ऊस. रान पायाखाली घालण्याची काही गरज नव्हती. सारा तालुका त्यांना भाई म्हणतो आणि ते प्रत्येक स्त्रीला बेन म्हणतात. मला मात्र 'मॅडमबेन'. त्यातली थट्टा इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेली नाही.

भाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेखाचं निमंत्रण आलं, त्याच्या पाठोपाठ भाईंचा फोन आला. "मॅडमबेन, डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहायचं." असा फोन त्यांनी प्रत्येक लेखकाला केला आहे. एका माजी विद्यार्थ्याने 'भाईंनी सातपुड्यातला रानपिंगळा वाचवला' असं लिहून पाठवलं, तर त्याला घरी बोलावून, चहा-फाफडा खाऊ घालून, ते वाक्य त्याच्याच हाताने खोडायला लावलं. संपादक मंडळ हवालदिल झालं आहे. ज्यांचा गौरव करायचा तेच गौरवाची वाक्यं तपासायला बसले, तर ग्रंथ निघायचा कसा? मी संपादकांना म्हटलं, हा वैताग मी तुमच्या कितीतरी आधीपासून सोसते आहे, तुम्ही रांगेत मागे उभे राहा.

प्राण्यांसाठी, पक्ष्यांसाठी जे प्रकल्प होतात, त्यांचा त्या प्राण्यांना आणि पक्ष्यांना काही उपयोग झाला का, हे जाऊन पाहणं, एवढंच भाईंचं काम. ऐकायला किती साधं! पण या साध्या कामापायी भाईंनी जेवढे मित्र गमावले, तेवढे इथे निवडणुकीतही कोणी गमावत नाही. कारण प्रकल्प म्हटला की भूमिपूजन असतं, नारळ असतो, फीत असते, फोटो असतो. फोटोत सगळे हसत असतात. आणि मग काही महिन्यांनी भाई जातात.

असंच एकदा खापर गावाच्या पुढे डोंगरात एका पाणवठ्याची पाहणी होती. अहवाल इंग्रजीत हवा होता, म्हणून मला नेलं. बांधकाम उत्तम होतं. सिमेंटचं टाकं, गुळगुळीत उभ्या कडा, पाणी निम्म्यावर. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले. भाई म्हणाले, "मॅडमबेन, तुम्ही भेकर आहात असं समजा. पाणी प्या."

भर वैशाखात, इस्त्रीची साडी नेसून, मी त्या काठावर गुडघे टेकले. हात पाण्यापर्यंत पोचेना.

"सर, पाणी भरलंय ना पण!" सोबतचे साहेब वैतागून म्हणाले.

"पाणी टाक्यात आहे, भेकर काठावर आहे. दोघांची गाठ कोण घालून देणार?"

पुढे तिथे एका बाजूला उतार करून दिला गेला. कोणीही इतक्यावर समाधान मानलं असतं. भाई पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेले, उतारावर खुरांचे ठसे आहेत का बघायला. अहवालात मी 'यशस्वीरीत्या बांधण्यात आला' असं लिहिलं होतं. त्यांनी 'बांधण्यात आला' ठेवलं आणि 'यशस्वीरीत्या' काढलं. ठसे दिसल्यावर तो शब्द परत घालायला सांगायला ते भर दुपारी माझ्या घरी आले. मी झोपले होते. उठवलं.

त्यांची आणखी एक खोड अशी की जिथे प्रकल्प झाला ते रान बघून त्यांचं भागत नाही. जिथे काहीच झालं नाही असं शेजारचं रानही बघायचं. जीप चालवणारे सुपडूभाऊ यावर नेहमी चिडत.

"सर, तठे ते काहीच नही शे."

"म्हणूनच जायचंय."

"काहीच नही ते पाहाले इतलं डिझेल जाळी ऱ्हायनूत आपन?"

"सुपडू, पाऊस बरा झाला तर ससे दोन्हीकडे वाढतात. मग ते प्रकल्पामुळे वाढले म्हणायचं की पावसामुळे?"

सुपडूभाऊंनी गिअर टाकला. "पाऊसमुळे, सर. पन पाऊसले कोनी हार घालत नही."

भाईंना हे वाक्य इतकं आवडलं की पुढे कित्येक बैठकांत त्यांनी ते सुपडूभाऊंचं नाव घेऊन सांगितलं. दुसऱ्याचा विनोद स्वतःच्या नावावर न खपवणारे प्राध्यापक मी फार थोडे पाहिले आहेत.

ही तपासणीची खोड फक्त जंगलापुरती असती तर बरं होतं. पण खरं सांगायचं तर ती जंगलापुरती नाही, म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे. माझ्या यजमानांचं सुरतला ऑपरेशन झालं, तेव्हा आपल्या माणसांनी काय काय पाठवलं! फळं, डबे, अंगारे. मी सगळ्यांचे आभार मानले. भाईंनी भावजयींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हातची खिचडी पाठवली आणि संध्याकाळी फोन केला. "खाल्ली का?" मी म्हटलं, "हो, मिळाली, फार आभार." "मिळाली ते कळलं. खाल्ली का? कोणी खाल्ली? त्यांनी की तुम्ही?" मला रडू आलं. त्यांना जेवण जात नव्हतं आणि मीही दोन दिवस धड जेवले नव्हते. हे कोणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाई आणि भावजय सुरतला आले. मी घास गिळेपर्यंत भाई समोरच्या स्टुलावर, परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तसे बसून राहिले.

आता रानपिंगळ्याची गोष्ट सांगते. माजी विद्यार्थ्याचं ते खोडलेलं वाक्य याच पक्ष्याबद्दलचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रानपिंगळा हे पारव्याहून लहान घुबड. हे दिवसाउजेडी फिरतं, ओरडतं. एके काळी ते नामशेष झालं असं जग धरून चाललं होतं, आणि ते होतं आपल्या डोंगरात. जुन्या झाडांच्या ढोलीत ते घर करतं. ढोली बहुधा वठलेल्या झाडाला असते, आणि वठलेलं झाड म्हणजे पाड्याच्या दारातलं सरपण. पेच इथेच आहे.

शहरातल्या एका संस्थेने तोरणमाळकडच्या जांभळीपाड्यावर प्रकल्प आणला. त्याचे दोन भाग होते. एक, झाडांवर लाकडी पेट्या टांगायच्या, म्हणजे पिंगळ्याला तयार घर. दुसरा भाग पाड्यातल्या बायकांचा. त्यांनी आसपासची वठलेली झाडं तोडायची नाहीत, सरपण पलीकडच्या नाल्यावरून आणायचं. त्या बदल्यात सुधारलेल्या चुली मिळणार होत्या. काही आल्या, काही आल्या नाहीत, आलेल्यांतल्या काही फुटल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाड्यावर पहिली बैठक झाली तेव्हा बायकांच्या बाजूने जमनाबाई बोलल्या. पावरा समाजातल्या, वयाने आमच्याच बरोबरीच्या. त्या पावरीत बोलत. अंगणवाडीत काम करणाऱ्या त्यांच्या सुनेने आम्हाला मराठीत सांगितलं, "सासूबाई विचारतात, आम्ही झाडं सोडली, लांब गेलो, डोक्यावर ओझं वाहिलं, तर पाखरू राहील का?"

संस्थेचे अधिकारी म्हणाले, "नक्की राहील!"

भाई मूल्यमापनासाठी नेमलेले. ते म्हणाले, "मला माहीत नाही. मोजून सांगतो."

मला तिथल्या तिथे डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. अहो, बायका तयार झाल्या होत्या! पण जमनाबाईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी भाईंकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाल्या. सून हसली. "म्हणतात, या मास्तरनं सांगायला यायचं."

बायका नाल्यावर जाऊ लागल्या. पेट्या शहाद्याच्या सलीम मिस्त्रींनी केल्या, इतक्या देखण्या की मलाच एक घरी न्यावीशी वाटली. पहिल्या हंगामात भाईंनी शिडी लावून पेटी न् पेटी बघितली. कुठे साळुंकी, कुठे खार, एकीत मधमाश्या. पिंगळा कुठेच नाही. दुसऱ्या हंगामातही नाही. भाई मिस्त्रींच्या दुकानात गेले आणि भोक लहान झालं का, लाकूड तापतं का, असं विचारत राहिले. मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "भाई, मकान बनाना मेरा काम. किरायेदार भी मैंच ढूँढके लाऊँ क्या?"

संस्थेच्या कार्यअहवालात मात्र पेट्यांचं पान झकास होतं. किती केल्या, किती टांगल्या, टांगताना कोण कोण उपस्थित होतं. आत कोण राहतं, हा रकानाच नव्हता.

आणि मग एके वर्षी आनंदाची बातमी आली, पिंगळे वाढले! कसे मोजतात तेही सांगते. पिंगळ्याची ध्वनिमुद्रित हाक स्पीकरवर वाजवायची, खरा पिंगळा रागावून उत्तर देतो, ते नोंदवायचं. त्या वर्षी उत्तरं भरभरून आली. मोजणीचा एक दिवस उरला होता, तरी अहवाल गेला, शहाद्यात कार्यक्रम झाला, फेटे बांधले गेले, मानचिन्हं दिली गेली. प्रकल्प सुफळ झाला, आता तो दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा, असंही जाहीर झालं.

टाळ्या वाजत असताना भाई माझ्या कानाशी म्हणाले, "उद्या मोजणीचा शेवटचा दिवस आहे. मॅडमबेन, चला."

"मी काय करू तिथे?"

"काहीही करायचं नाही. स्वस्थ बसायचं."

सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही डोंगराच्या सोंडेवर जाऊन बसलो. एका अंगाला मोजणाऱ्यांचा एक गट होता, दुसऱ्या अंगाला दुसरा. मध्ये आम्ही कोणाला दिसत नव्हतो. डावीकडून पिंगळा ओरडला. थोड्या वेळाने उजवीकडून उत्तर आलं. काय सुंदर वाटलं म्हणून सांगू! मी भाईंचा हात दाबला. डावीकडून पुन्हा हाक आली, आणि हाकेच्या शेवटी कोणीतरी अगदी हलकेच खोकलं.

मी त्या गटातलं कोणीतरी असेल म्हणून सोडून दिलं. मग उजवीकडून हाक आली. तिच्या शेवटी तोच खोकला.

भाईंचा चेहरा मी विसरणार नाही. "मॅडमबेन," ते म्हणाले, "हा पिंगळा माझ्यासारखा खोकतो."

मला ते सांगायची गरज नव्हती. शिक्षक खोलीच्या बाहेर तो खोकला मी अर्धं आयुष्य ऐकला आहे. ती हाक भाईंनीच फार पूर्वी एका थंडीत मुद्रित केली होती आणि संस्थेला दिली होती. ती सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गेली. आधीच्या वर्षांत एकच गट असे, आज या अंगाला, उद्या त्या अंगाला. त्या वर्षी काम लवकर उरकावं म्हणून दोन गट एकाच वेळी पाठवले. हे स्पीकर वाजवत, ते 'उत्तर आलं' म्हणून लिहीत. ते वाजवत, हे लिहीत. माणसं माणसांना मोजत होती आणि पिंगळे वाढत होते.

मी हसत सुटले. भाई हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी अधिकाऱ्यांना गाठलं.

"सर, अहवाल पाठवून झालाय," अधिकारी म्हणाले. पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता.

"परत बोलवा."

"गेलेला अहवाल कसा परत बोलावणार, सर?"

"पिंगळ्याला बोलावता ना स्पीकर लावून? तसाच."

मोजणी पुन्हा झाली, एकाच गटाची. पिंगळे होते, पण वाढलेले नव्हते. भाईंनी तसं लिहिलं, पेट्या निरुपयोगी ठरल्या असंही लिहिलं, आणि मला त्याचं इंग्रजी करायला सांगितलं. त्या रात्री मी त्यांच्याशी फोनवर कडाडून भांडले. थोडं मऊ लिहिलं तर काय बिघडेल? 'अपेक्षित दिशेने वाटचाल' वगैरे? असले शब्द मला झोपेतही सुचतात, त्यासाठीच तर मला नेतात! भाई ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "बेन, संस्थेला मऊ सांगून मला एक वेळ झोप येईल. जमनाबाईंना मऊ सांगून येणार नाही."

संस्थेने काढता पाय घेतला. यशस्वी म्हणून जाणार होती, आता अयशस्वी म्हणून गेली. पाड्यावरून जाणार होती हे दोन्हीत सारखंच. शहाद्यात लोक म्हणाले, भाईंनी आलेला प्रकल्प घालवला. फेटे बांधून घेतलेल्यांनी तर बोलणंच सोडलं. मीही काही दिवस धुसफुसत होते. या ग्रंथात सगळं गोड लिहून येईल, म्हणून हेही लिहून ठेवते की त्या काळात भाईंच्या दारात फार कमी चपला दिसत.

आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही जांभळीपाड्यावर गेलो. प्रकल्प नव्हता, मानधन नव्हतं, जीप सुपडूभाऊंच्या ओळखीची. बायका अंगणवाडीपुढे जमल्या. भाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. सूनबाई मध्ये बसल्या, इकडचं तिकडे करायला.

"पेट्यांत एकही पिंगळा राहिला नाही," भाई म्हणाले. "तुम्ही सोडलेल्या वठलेल्या झाडांत राहिले. पिल्लंही झाली. मी पाहिलीत."

बायकांत कुजबुज झाली. एकीने दुसरीच्या पाठीत चापट मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, भाई, आता इथेच थांबा. एवढ्यावर उठा.

भाई कुठले थांबायला? "पण ते तुमच्यामुळे टिकले की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. शेजारच्या रानात झाडं तोडली जातात. तिथे यंदा पिंगळा ऐकू आला नाही, पण एखाद्या वर्षावरून ठरत नाही. तिथे आधीही कमीच होते. अजून बरीच वर्षं दोन्ही रानं बघावी लागतील."

सूनबाईंनी ते सांगितलं. जमनाबाई उठून भाईंच्या समोर आल्या. यावेळी पावरी नाही, आम्हा सगळ्यांना समजेल अशा बाजाराच्या अहिराणीत त्या कडाडल्या, "मास्तर, इतला शिकना तू, आनि हो का नही ते बी सांगता येत नही तुले?"

"नाही येत," भाई म्हणाले.

"आनि आम्ही तवलग नालावर जावाचं? डोकावर लाकडं?"

भाईंनी मान खाली घातली. "ते मी सांगू शकत नाही, बेन. नाही गेलात तरी तुमचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. मी तर नाहीच."

नेहमीच्या कोणत्याही बैठकीत अशा वेळी एखादे साहेब उठून भाषण करतात. इथे साहेब नव्हते. जमनाबाई बायकांकडे वळल्या. बराच वेळ पावरीत बोलणं झालं. दोघी-तिघी रागाने उठून गेल्या. त्यांच्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्याही खऱ्या होत्या. उरलेल्या बसून राहिल्या. मग जमनाबाई परत भाईंसमोर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"आम्ही झाडं ठेवतस. तू मोजत ऱ्हा. पन सांगाले तूच यावाचं, दुसरा मास्तर नही चालाव. तवलग मरू नको."

सुपडूभाऊ तोंडावर हात ठेवून हसले. भाई हसले नाहीत. त्यांनी एखादी नेमणूक स्वीकारावी तशी मान डोलावली.

भाई, पंच्याहत्तरीला तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं या ग्रंथात पानोपानी लिहिलेलं असेल. तुम्ही प्रत्येकापुढे 'कशासाठी?' असं लिहाल, हे मला माहीत आहे. माझ्यापुरतं उत्तर देऊन ठेवते. जांभळीपाड्याच्या बायका आजही नाल्यावर जातात. त्यांना तुम्ही उत्तर देणं लागता, आणि ते द्यायला तुम्हीच जायला हवं असं ठरलं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. खोकल्याचं औषध नुसतं आणून ठेवू नका, घ्या. घेतलंत का, हे विचारायला मी रोज संध्याकाळी फोन करणार आहे.